हरवलेला पोपट आणि लौकी बॉर्डर

बिघाड दुरुस्त करणाऱ्या माणसांकडे किस्से आपोआप साचतात. 'तुमचं सॉफ्टवेअर आज मस्त चाललंय हं' असं सांगायला आजवर एकाही क्लायंटनं आम्हाला फोन केलेला नाही! फोन आला म्हणजे काहीतरी मोडलंय, आणि मोडलं की किस्सा होतोच.

आमची टीम नोएडात, सेक्टर बासष्टमध्ये बसते. टीम म्हणजे मी, शेजारच्या खुर्चीतला गाझियाबादचा तोमर आणि केबिनमधले बन्सल सर. यंदा आमच्याकडे, जिची सिस्टिम आम्हीच सांभाळतो अशा एका साड्यांच्या कंपनीची जुनी डिझाइन लायब्ररी नव्या सिस्टिममध्ये हलवायचं काम आलं. त्या लायब्ररीत प्रत्येक काठ, प्रत्येक बुट्टी वेगवेगळी ठेवलेली आणि प्रत्येकीला एक नंबर. साडीच्या डिझाइनमध्ये नुसते नंबर असतात. साडी उघडली की सिस्टिम त्या नंबरांवरून एकेक वस्तू आणून जोडते. नंबर आहे आणि त्या जागी वस्तूच नाही, की झालं! स्क्रीनवर लाल एरर.

आणि हलवणारा प्रोग्राम इतका हट्टी, की एक जरी नंबर रिकामा निघाला तरी सगळं काम थांबवायचा. बहुतेक डिझाइनं माथुरजींची होती. त्या कंपनीतल्या सगळ्यात जुन्या डिझायनर, आणि महिनाअखेरीस रिटायर होणार होत्या. तोवर लायब्ररी हलली नाही तर नवी सिस्टिम रिकामीच सुरू करायची, असं कंपनीनं ठरवून टाकलं होतं. म्हणजे माथुरजींचं आयुष्यभराचं काम जुन्या मशीनसोबत भंगारात!

*

माझा नवरा सुधीर केंद्र सरकारात आहे. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "तुमचं नेमकं बिघडलंय तरी काय?"

मी म्हटलं, "हे बघ, समज फाईलवर लिहिलंय 'सोबतचे पत्र पाहावे', आणि आत बघावं तर पत्रच नाही."

सुधीर भात कालवत शांतपणे म्हणाला, "अच्छा. मग यात बिघाड कुठला?"

*

या बिघाडाबद्दल माथुरजींचा पहिला फोन तोमरनं घेतला. एक साडी उघडत नव्हती. तोमरचा ठरलेला प्रश्न: "मैडम, आपने क्या किया था?"

जगातला प्रत्येक क्लायंट यावर 'कुछ नहीं' म्हणतो. माथुरजी म्हणाल्या, "मैंने खोला था, बेटा. जब तक नहीं खोलती, बिल्कुल ठीक रहती है!"

तोमर फोन ठेवून माझ्याकडे वळला. "यार, यांनी अर्धं डायग्नोसिस करून दिलं." खरंच होतं ते. तुटलेला नंबर उघडेपर्यंत कुणाला कळतच नाही.

फोन ठेवायच्या आधी माथुरजींनी त्यांची नेहमीची विनंतीही केली होती. त्यांच्या पोपटाचा एक पंख आखूड झालाय, तो नीट करू द्या. पोपट ही त्यांची पहिलीवहिली बुट्टी, शेकडो साड्यांमध्ये वापरलेली. म्हणूनच बन्सल सरांनी तिला कुलूप लावलं होतं. त्यांचं उत्तरही नेहमीचंच: "मैडम, सब कुछ उसी पर टिका है, हाथ मत लगाइए!"

*

बन्सल सरांकडे सगळ्या रोगांवर एकच औषध. "रीस्टार्ट करो!"

आम्ही हातापाया पडलो, "सर, नको." पण सरांनी स्वतःच्या हातानं सर्व्हर रीस्टार्ट केला. आता गंमत अशी की बऱ्याच हरवलेल्या वस्तू सर्व्हरच्या तात्पुरत्या मेमरीत शिल्लक होत्या, म्हणून त्या साड्या उघडत तरी होत्या. रीस्टार्टनं मेमरी साफ झाली. आधी एक साडी उघडत नव्हती, आता अख्खं कलेक्शन उघडेना!

सर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "देखा? असली प्रॉब्लेम बाहर आ गया."

*

मग आम्ही कारण शोधायला बसलो आणि सापडलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या! सिस्टिममध्ये दर आठवड्याला एक सफाई चालायची. ज्या वस्तूचा नंबर कुठेच वापरलेला नाही, ती निरुपयोगी समजून काढून टाकायची. पण जागा कमी पडली म्हणून काठ आणि बुट्ट्या मधल्या काळात वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या होत्या, आणि सफाईला दुसरी फाईल दिसतच नव्हती. एका कपाटात झाकणं, दुसऱ्यात पातेली, आणि साफ करणारा म्हणतो, 'इथे पातेली नाहीत, मग झाकणं कशाला?'

"ही सफाई लावली कुणी?" मी विचारलं.

तोमरनं खुर्ची हळूच मागे घेतली. "लेकिन सफाई तो अच्छी हुई थी ना?"

*

बऱ्याच वस्तू जुन्या बॅकअपमधून परत आल्या. एक काठ मात्र काही केल्या मिळेना. अशा वेळी त्या नंबरावर एक कोरी वस्तू ठेवतात, म्हणजे बाकीची साडी उघडते. तोमरनं कोरा काठ ठेवला. त्याला काहीतरी नाव देणं भाग होतं. त्या दिवशी त्याच्या डब्यात दुधीची, त्याच्या भाषेत लौकीची, भाजी होती, म्हणून नाव दिलं 'लौकी बॉर्डर'.

पुढे ते बदलायचं राहून गेलं. आठवड्याभरात कंपनीच्या सेल्सवाल्यांचा फोन! मी घाबरत उचलला.

"वैशालीजी, बायर को साड़ी बहुत पसंद आई. एकदम प्लेन, एलिगेंट. ये लौकी बॉर्डर और किन रंगों में मिलेगा?"

*

महिना संपत आला. यादीत एकच नंबर उरला, आणि तो निघाला माथुरजींचा पोपट! सरांचं कुलूप माणसांना अडवायचं, सफाईला नाही. ज्या बॅकअपमध्ये तो असायला हवा होता, ते उघडतच नव्हतं. कोरी वस्तू ठेवून शेकडो साड्यांवरचे पोपट उडवून लावायचे? माझं मन धजेना. शेवटी मीच धीर करून माथुरजींना फोन केला.

दुपारी त्या मेट्रोनं आल्या. अंगावर पोपटाचीच साडी! तोमरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यानं उभं राहून सगळं कबूल केलं. माथुरजींनी पदर टेबलावर पसरला, माझा टॅबलेट ओढून घेतला आणि पोपट पुन्हा काढायला बसल्या. चोच, मान, शेपूट. पंखापाशी थांबल्या, पदराकडे पाहिलं, आणि पंख चांगला ऐसपैस काढला.

तोमरनं तो जुन्याच नंबरावर ठेवला. मी एक साडी उघडली. नवा पंख! दुसरी उघडली, तिथेही नवा पंख! शेकडो साड्यांमधले पोपट एका फटक्यात बरे झाले होते. हट्टी प्रोग्राम सुरू केला आणि तो कुठेही न अडखळता शेवटपर्यंत गेला. मी ओरडले, बन्सल सरांनी सगळ्यांना समोसे मागवले, तोमर डोळे पुसत होता.

माथुरजींनी चष्मा पर्समध्ये ठेवला आणि जाता जाता तोमरच्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, तेरी वो सफ़ाई एक बार और चला दे. मोर की गर्दन भी ठीक करनी है."