इवाई कुठं रुसून बसले?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या ओट्यावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. टोपलं मधोमध, टरफलं खाली शेजाऱ्याच्या बकरीला. खाता खाता मी म्हटलं, "इवाई, भरल्या शेंगा तुमी खाऊन राह्यले आन पोचट माह्याकडं सरकवून राह्यले." झालं. इवायांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी टक्कन मिटली, चपला पायात सरकवल्या आणि पवनारच्या फाट्यावरून वर्ध्याची बस धरून सिंदी मेघेला आपल्या घरी निघून गेले. माझ्या इवायासारखा रुसणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. लोक रागावतात, भांडतात, भांडी आपटतात. ते कोणालाही जमते. रुसायला अंगात शिस्त लागते, आणि ती फक्त या माणसात होती.

इवाई म्हणजे लेकीचा सासरा. पुण्याकडचे लोक व्याही म्हणतात. मी चौथी शिकलेला, जन्मभर सायकलवर दुधाचे डबे अडकवून पवनारचं दूध वर्ध्याला घातलं. इवाई कचेरीत बाबू होते. कागदाला टाचणी लावून लावून त्यांच्या रुसण्यालाही तशीच रीत लागली होती. आवाज कधी चढायचा नाही. आधी चष्मा डबीत, मग चपला, मग माणूस गायब. एकदा बसमध्ये कंडक्टर त्यांना "आजोबा, मागं सरका" म्हणाला, तर पुढच्या थांब्यावर उतरले आणि भर वैशाखात पायी घरी आले. न्हावी दाढी करता करता फोनवर बोलायला लागला, तर अर्धा गाल तसाच ठेवून उठले. ते अर्ध्या दाढीनं बाजारात फिरले, भाजी घेतली, एका लग्नाला जाऊन अक्षता टाकून आले, पण त्या खुर्चीवर परत बसले नाहीत. टीव्हीवरच्या बातम्यांत एका बाईनं नागपूर, अकोला, चंद्रपूर सगळ्यांचं ऊन सांगितलं आणि वर्ध्याचं सांगायची राहिली. त्या बाईवर इवाई पूर्ण उन्हाळा रुसून होते. घरात ती दिसली की पाठ करून बसायचे. तिला बिचारीला अजून माहीत नसेल.

आणि रुसले की माणसाशी बोलायचं नाही, वस्तूंशी बोलायचं. पंख्याला म्हणायचे, "जेवण झालं असन तर आमाले सांगजा." माठाला म्हणायचे, "इथं कोनी पाण्याले विचारत नाई, बरं का." पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, माणसाच्या डोक्यात फरक पडला. डोकं एकदम शाबूत होतं.

माझ्या लेकीच्या लग्नात तर कहर झाला. मुलाचा बाप, मानाचा माणूस. त्यांना बांधलेला फेटा इतका मोठा निघाला की घसरून नाकावर आला आणि फोटोत नुसती हनुवटी दिसत होती. कोणीतरी हसलं. थोड्या वेळानं पाहतो तर पंगत बसली आणि मुलाचा बाप नाही. शोधलं तर मांडवामागं उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसलेले. आमच्याकडं रीत अशी की मुलाचा बाप रुसला तर मुलीकडच्यानं त्याच्या जागेपर्यंत स्वतः चालत जायचं आणि हाताला धरून पानावर आणायचं. निरोप धाडून चालत नाही. मी म्हटलं, "बसू द्या त्याले. भूक लागली की येईन." माझ्या बायकोनं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. ती वाटीत बुंदी घेऊन ट्रॉलीपाशी गेली. काऊन रुसले, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "भाऊ, आचाऱ्याचं काही खरं दिसत नाई. ही बुंदी जमली का, तुमी पाहून सांगता का?" इवायांनी दोन दाणे तोंडात टाकले, विचार केला, "जमली" म्हणाले आणि तिच्या मागं मागं पानावर येऊन बसले. तेव्हापासून इवायांची समजूत काढणं हे खातं त्यांच्या घरी ईनबाईंकडं, म्हणजे लेकीच्या सासूकडं, आणि आमच्या घरी तिच्याकडं. त्यांनी रुसावं, तिनं जाऊन आणावं, आणि मी दोघांना हसावं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तेरवीला एवढी गर्दी, इवायांना कोणी साधं पाणी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, आता हा माणूस कुठं जाऊन बसतो आणि त्याला आणायला आता कोण जाते. पण इवाई रुसले नाहीत. पत्रावळ्या वाटत होते, उष्टी उचलत होते. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. सकाळ झाली की संध्याकाळची वाट पाहायची, एवढंच काम उरलं होतं.

त्याच दिवसांत त्यांच्या पोरानं, म्हणजे माझ्या जावयानं, बापाची शुगर उतरावी म्हणून त्यांना गिअरची सायकल आणून दिली. इवाई दर रविवारी ती दामटत पवनारला यायचे. डोक्यावर कलिंगडाच्या फाकीसारखी टोपी, अंगात पोपटी बनियान. गावातली कुत्री सोडायला यायची. एका रविवारी मला म्हणाले, "चला इवाई, पांदणीनं नदीपर्यंत जाऊन येऊ. घरात बसून बसून बुरशी लागन तुमाले." पांदण म्हणजे शेताशेतामधली गाडीवाट. पाऊस नुकताच सरला होता, दगड उघडे पडलेले, चाकोरीत चिखल. पांदणीशी पोचल्यावर मी सायकलकडं पाहून म्हटलं, "हे सायकल हाय का उपाशी बकरी? हिच्या तं फासळ्या दिसून राह्यल्या." टक्कन डबी वाजली. इवाई सायकल तिथंच बाभळीला टेकवून पुढं चालू लागले.

मी इकडं तिकडं पाहिलं. त्यांना आणायला जाणारी आता नव्हती. म्हणून जन्मात पहिल्यांदा मीच समजूत काढायला गेलो. "बरं बाप्पा, चुकलं. पाहतो चालवून तुमची सायकल," असं म्हणून बसलो. दुधाचे डबे लावून मी जी सायकल चालवली तिचा ब्रेक दाबला तर ती पुढच्या गल्लीत थांबायची. हिचा नुसता धरला तर सायकल जाग्यावर उभी आणि मी तिच्या डोक्यावरून दगडात. समजूत काढायला गेलो आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. इवाई चिखलात गुडघे टेकून माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि समोरच्या बाभळीला सांगत होते, "आता माहा चष्मा कुठं ठेवला कोनी पाहिलं का?" चष्मा त्यांच्याच खिशात होता.

दवाखान्यात पट्टी आणि स्क्रू बसवून डॉक्टरनं घरी सोडलं. म्हणाला, "बाबा, रोज थोडंथोडं चालायचं. पडून राह्यले तर मग खाटेवरून उठणं होणार नाही, हे लक्षात ठेवा." लेक म्हणाली, सिंदी मेघेला चला. मी म्हटलं, लेकीच्या सासरी खाट टाकून पडणार नाही. ती रडली, मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात इवाई उभे. काखेत वळकटी, हातात कुकर. माझ्याकडं न पाहता चौकटीला म्हणाले, "काही दिवस इथं राहीन म्हणतो. सायकलची हवा मानवली नाई आमाले." मुलाचा बाप मुलीच्या बापाची भांडी घासायला आला, असं आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाया कारण नसताना दारावरून चकरा मारून गेल्या.

चालायचा वॉकर भिंतीला लावून ठेवला होता. मी त्यावर बनियान वाळत घालायचो. खरं सांगतो, मला उठायचंच नव्हतं. उठून जायचं कुठं? स्वयंपाकघरात ती नाही, अंगणात ती नाही. खाटेवरून निदान भिंत तरी दिसायची. इवाई एका शब्दानं "चाला" म्हणाले नाहीत. पिठलं-भात करायचे, पाणी तापवायचे, माझी बनियान वॉकरवरून काढून दोरीवर टाकायचे. मी परत वॉकरवर टाकायचो.

एका दुपारी मी पिठल्याचा घास घेतला आणि म्हटलं, "इवाई, याच्यानं भिंतीले पोस्टर चिकटतीन." टक्कन डबी वाजली. इवाई आपलं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझ्याकडं पाठ करून बसले. जेवत नाहीत, बोलत नाहीत. जेवणाआधीची शुगरची गोळी मात्र घेऊन झालेली. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर माणसाला घेरी येते, हे त्यांनीच मला दहादा सांगितलं होतं. मी हाका मारल्या. "खा ना बाप्पा. चांगलं हाय पिठलं." काही नाही. त्यांची मान मला जरा कलल्यासारखी वाटली. शिव्या देत बनियान फेकली, वॉकर ओढला, घामाघूम होत उंबऱ्यापर्यंत गेलो आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. इवाई ताटाला म्हणाले, "आले वाटते," आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी रुसून ओसरीवर बसले. मग अंगणातल्या निंबाखाली, मग गल्लीतल्या बोरिंगपाशी. कारण कोणतंही चालायचं. मी घोरलो, मी घोरलो नाही, मी रेडिओचा आवाज लहान केला. एकदा दिवसभर मी काहीच बोललो नाही, तर संध्याकाळी म्हणाले, "आज आमाले कोनी काही म्हणलंसुद्धा नाई," आणि तेवढ्यावर रुसून पिठाच्या चक्कीपाशी जाऊन बसले. दर वेळी गोळी घेऊन. गावाला चांगलंच मनोरंजन झालं. मी काठी टेकत निघालो की ओट्याओट्यावरून आवाज यायचे.

"बुढेबाबा, आज लांब हायत. चक्कीच्याही पुढं."

"आज काय केलं तुमी त्याईले?"

"सांभाळून जाजा, तिथं खड्डा हाय."

मी तणतणायचो. म्हणायचो, असा इवाई वैऱ्यालाही मिळू नये. एक दिवस पायाचा व्यायाम घ्यायला येणारी पोरगी माझं चालणं पाहून खूश झाली. म्हणाली, "काका, ते आजोबा जाता जाता मले रोज विचारतात, उद्या कुठवर न्यायचं म्हणून. मी म्हटलं, आता नदीपर्यंत चालते." पोरीनं जीभ चावली.

मी इवायांना काही बोललो नाही. बोललो असतो तर खरंच रुसले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊनच त्यांच्या चहाला नाव ठेवलं, म्हटलं, कारण शोधायचा ताप तरी वाचेल. टक्कन डबी वाजली, आणि मी काठी घेऊन धाम नदीचा रस्ता धरला. इवाई पाण्याजवळच्या खडकावर बसले होते. मी शेजारी उभा राहिलो. इवाई नदीला म्हणाले, "असती तं आज बुंदी घेऊन आली असती." मी म्हटलं, "हो." बायको गेल्यावर मी तिच्याबद्दल कोणापाशी काही बोललो, ते हे पहिलं.

मग ते सिंदी मेघेला परत गेले, पण बसनं येतच राहिले. शेंगांच्या दिवशी पोचट शेंगांची गोष्ट मी खोटीच काढली होती. भरल्या तर ते मला देत होते. ते फाट्याकडं निघाले तेव्हा मी मनात म्हटलं, बुवा, आज तर तुमी वर्ध्याच्याही पलीकडं जाऊन बसले. मोडलेल्या खुब्यानं मी अजून एकट्यानं बस धरली नव्हती. मला कळलं, आता तेवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून निघायच्याच बेतात होतो, तर लेकीचा फोन आला. इवाई झोपेतून उठलेच नव्हते.

मी बस धरली. एकट्यानं चढलो, एकट्यानं उतरलो. इवायांना समोरच्या खोलीत ठेवलं होतं. ईनबाई, इवायांची बायको, तिथं नव्हत्या. त्या मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी भिंतीकडं तोंड करून भुईवर बसल्या होत्या. पाच-सहा बाया भोवती. "बाई, चला. तोंड पाहून घ्या. नेतीन आता." त्या हलत नव्हत्या. त्या बसण्याची मला चांगली ओळख होती.

मी बायांना बाजूला सारलं आणि ईनबाईंच्या शेजारी सरळ भुईवर बसलो. कळ डोक्यापर्यंत गेली. मीही भिंतीकडं तोंड केलं. मग त्या बोलल्या.

"इवाई, तुमाले खाली बसायची मनाई हाय ना?"

"हाय."

"मंग बसले काऊन?"

"बसलो खरा. पण आता उठता येत नाई माह्याच्यानं."

लेक धावली, तिनं माझ्या काखेत हात घातला. मी तिला म्हटलं, "तू नको. ईनबाई उठवतीन."

ईनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पदरानं तोंड पुसलं. "जन्मभर एकाले उठवू उठवू आणलं," म्हणाल्या, "आता हा दुसरा येऊन बसला." भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढं केले. मी जड माणूस. पहिल्या ओढीला दोघंही डगमगलो, दुसऱ्या ओढीला उभा झालो. काठी लेकीनं दिली, ती एका हातात घेतली. दुसऱ्या हातातला ईनबाईंचा हात मी सोडला नाही. तसाच धरून हळूहळू त्यांना समोरच्या खोलीत घेऊन गेलो.