न लागलेला चटका

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी दहा वर्षांची होते. गणेश चतुर्थीच्या सकाळी नागावच्या आमच्या घरी मोदक करणं चाललं होतं. उकड इतकी कढत की मला बोटही लावता येईना. आई मात्र तळव्याने ती सावकाश मळत होती.

"आई, भाजत नाही तुला?"

"छे गं, निवलीये," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिच्या तळव्यावर टरारून फोड आले. तिला काही कळलंच नव्हतं. आत्या ते बघून परातीपासून मागे सरली.

अलिबागच्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली आणि महारोग असल्याचं सांगितलं. औषधाने बरं वाटेल, असंही ते म्हणाले, पण घरात ते कुणी मनावर घेतलं नाही. वाडीच्या टोकाला माडांखाली खोप बांधून आईला तिथे ठेवलं. मी जेवणाचं ताट दाराशी ठेवायचे आणि लांब उभी राहायचे.

"जवळ ये की गं," ती म्हणायची.

मला भीती वाटायची. तिसऱ्या वर्षी तिने जेवणच सोडलं आणि ती गेली. तोवर मी एकदाही त्या खोपीत शिरले नव्हते.