बाळकुमच्या घरासाठी लपवलेला जावई

आमचा जावई फिनलंडचा. उंच, गोरापान आणि बोलायला काटकसरी. ठाण्यात कोलशेतच्या बाजूला एका कंपनीत नोकरी करतो, मराठी शिकलाय, आमटी-भात हाताने खातो. मुलगी, तो आणि आमची चार वर्षांची नात भाड्याच्या घरात राहायची आणि अकरा महिने भरत आले की घरमालकाला आपला पुतण्या आठवायचा. त्यातच जावयाच्या कंपनीने विचारलं, परत मायदेशी येतोस का? सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मुलगी मला स्वच्छ म्हणाली, "बाबा, इथे स्वतःचं घर झालं तर थांबू. नाहीतर जाऊ. दर वर्षी हिला उचलून नवीन जागी नेणं आता जमत नाही मला."

म्हणजे नात फिनलंडला. तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो म्हणे. मी डोंबिवलीत बसून कसलं आजोबापण करणार?

म्हणून घर शोधायचं खातं मी माझ्याकडे घेतलं. कुणी दिलं नव्हतं.

आधी घोडबंदर रोडला गेलेलो. तिथल्या टॉवरच्या ऑफिसात जावयाला पाहताच पोरी थंडगार टॉवेल घेऊन धावल्या. मी विचारलेला भाव त्यांनी त्याच्याकडे बघून सांगितला, आणि आम्हाला दाखवला तोही थेट सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. त्या दिवशी मी सिद्धांत मांडला: जावयाचा चेहरा दिसला की भाव वाढतो. तेव्हा चेहरा दाखवायचाच नाही.

मग बाळकुमचं घर निघालं. चौथा मजला, जुनी पण नीट ठेवलेली बिल्डिंग, मालक वयस्कर जोडपं, कोकणात गावी कायमचं निघालेलं. मुलीने आधीच बघून पसंत केलेलं. रविवारी दुपारी मी, बायको आणि जावई निघालो. मुलगी नातीपाशी घरी थांबली. बिल्डिंगखाली पोचल्यावर मी जावयाला गुलमोहराखाली उभं केलं.

"इथेच थांबा. मी वर जाऊन भाव पाडतो. मग तुम्ही घर बघा."

"अहो, जावई आहे तो," बायको म्हणाली. "त्याला असं दारात उभं करतात का?"

"दारात कुठे? झाडाखाली."

"मला काही हे बरं दिसत नाही."

"तुला व्यवहारातलं कळत नाही," असं मी म्हणालो. हे वाक्य मी संसारात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा तेव्हा पुढे काय झालंय ते तिला पाठ आहे. ती फक्त हसली.

वर काकूंनी दार उघडलं, काकांनी पंखा वाढवला आणि चहासाठी दूध आणायला ते खाली गेले. घर मला पाहताक्षणी आवडलं आणि लगेच मी नावं ठेवायला सुरुवात केली. घर घेताना आवडलं म्हणायचं नसतं, हे आमच्याकडे बाळकडूतच मिळतं. मी भिंतीवर टकटक केली. टकटक करून नेमकं काय कळतं, हे मला आजतागायत माहीत नाही, पण चेहरा मात्र गंभीर केला. बाथरूमचा नळ सोडला, पाणी धो धो आलं.

"प्रेशर जरा जास्तच आहे," मी म्हणालो.

काकू बघतच राहिल्या. गॅलरीत छान वारा येत होता, तर मी म्हणालो धूळ येत असेल. स्वयंपाकघरात म्हणालो, "ओटा बुटका वाटतो."

"माझ्या उंचीचा करून घेतलाय," काकू म्हणाल्या. आवाज पडलेला. बायकोने मला कोपराने ढोसलं. भाव पडायच्या बेतात आहे, असा मी त्याचा अर्थ काढला.

एवढ्यात काका दूध घेऊन परत आले. सोबत आमचा जावई, घामाने लालभडक.

"अगं, हा पाहुणा खाली उन्हात उभा होता," काका म्हणाले. "विचारलं, कुणाकडे आलात? तर म्हणतो, माझे बाबा चौथ्या मजल्यावर भाव पाडायला गेलेत."

बायको छताकडे बघू लागली.

"हे कोण तुमचे?" काकूंनी मला विचारलं.

"जावई."

"जावयाला उन्हात उभं केलंत?"

"नाही हो, सावलीत केलेलं."

"बाबा, सावली सरकली," जावई म्हणाला.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. काकूंनी जावयाला चांगल्या खुर्चीत, पंख्याखाली बसवलं. कोकम सरबत आलं, लाडू आला. मला पाणी मिळालं, तेही बायकोने ओतून दिलेलं.

"खरं सांगते," काकू बायकोला म्हणाल्या, "यांना हे घर मी दिलंच नसतं. पण राहणार कोण?"

"लेक, जावई आणि नात," बायको म्हणाली.

काकांना वेगळीच काळजी. "फॉरेनच्या माणसाला इथे घर घेता येतं का? आम्ही गावाला जायचो आणि मागून नोटीस यायची."

मी उत्तर द्यायला श्वास घेतला, पण जावई आधी बोलला. "मी इथे राहतो. नोकरी इथे आहे. वकिलाला विचारलं, राहायला घर घेता येतं. बायकोचं पण नाव लावणार."

"आणि उद्या परत गेलात तर?"

जावई गप्प झाला. त्याला प्रश्न विचारला की तो खरोखर विचार करतो, त्याला वेळ लागतो. मला ती शांतता सहन होईना. मी तोंड उघडलं आणि बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"घर मिळालं तर जायचं नाही," तो शेवटी म्हणाला. "मुलीचे आजी-आजोबा इथे आहेत."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. "भाव मात्र सांगितला तोच," काकू म्हणाल्या.

"हो," जावई म्हणाला.

पहिल्याच भावाला हो! आमच्या खानदानात कोथिंबिरीच्या जुडीलाही कुणी पहिल्या भावाला हो म्हटलेलं नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. काकू जावयाला ओटा दाखवायला घेऊन गेल्या. इतक्या उंच माणसासाठी तो किती वर घ्यावा लागेल, याची आतून चर्चा ऐकू येत होती. भांडी कोण घासतं, असं काकूंनी विचारलं आणि "मी" हे उत्तर ऐकून त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

खाली उतरल्यावर जावई म्हणाला, "बाबा, भाव पडला नाही."

"नाही पडला तर नाही पडला," मी म्हणालो. "तुमच्या कंपनीला आधी कळवा, येत नाही म्हणून."

"उद्या सोमवार आहे. उद्या कळवतो."

"आत्ता," मी म्हणालो.

त्याने तिथेच उभं राहून फोन काढला. मी शेजारी थांबलो, मेसेज गेल्याचं त्याने दाखवेपर्यंत.