मणियाराच्या पोरीचा शेवटचा भाव

आमच्या अक्कलकुव्याच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला एक लोखंडी खुर्ची आहे. तिच्यावर कायम नोकरीतला डॉक्टर बसला की ती महिन्याला लाखाची होते. कंत्राटी एमबीबीएस बसला की पंचाहत्तर हजारांची, आयुर्वेदाचा बसला की चाळीस हजारांची. साप चावलेल्या माणसाला मात्र तिघांपैकी समोर कोण, याने काही फरक पडत नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! ठाऊक मला असतं, कारण पगाराची बिलं मी काढतो.

मी रतिलाल, नंदुरबारच्या सरकारी आरोग्य कार्यालयात लिपिक. एकतीस वर्षं झाली. गाव शहाद्याजवळ, तापीकाठी, घरची केळी आहे. केळीचं आणि डॉक्टरचं एक सारखं आहे, जिथे माल कमी तिथे भाव चढा. पुण्यात इमर्जन्सीचे डॉक्टर पोत्याने, म्हणून तिथे दीड लाखात राबतात. सुरतेला त्याहून जास्त मिळतात. नवापूरकडे हायवेवरचे खासगी दवाखाने बारा तासांच्या एका ड्यूटीला नऊ हजार रोख मोजतात. आणि वर डोंगरात, जिथे खरी गरज, तिथे भाव कितीही लावा, माल येतच नाही.

शब्बीरभाई मणियाराची अर्शिया आली, ती कशी आली ते सांगतो.

शब्बीरभाईचं बांगड्यांचं दुकान शहाद्यात एसटी स्टँडमागे. हाटाच्या दिवशी पेटी मोटारसायकलला बांधून तो अक्कलकुव्याला जातो. तीस वर्षांपूर्वी बायकोला, आमच्या रुक्मिणीबाईंना, पहिल्यांदा त्याच्याकडे घेऊन गेलो, तेव्हा त्याचा धंदा मी नीट पाहिला. त्याचे कायदे ठरलेले. पहिला भाव असा सांगायचा की खाली यायला जागा राहील. भरताना बांगडी फुटली तर नुकसान आपलं, गिऱ्हाइकाचं नाही. डझनावर एक बांगडी फुकट, पण वेगळ्या रंगाची, हिरव्यात पिवळी. का, तर आपला माल आपल्याला कुठेही ओळखू यावा. आणि सौदा जमत नसेल तर पेटीचं झाकण लावायचं, उठायचं, सावकाश दहा पावलं टाकायची, मागे बघायचं नाही. दहाच्या आत हाक येते. आमच्या बाईंनी सहाव्याला हाक मारली होती, आणि घरी येईपर्यंत मी त्यांच्यावर चिडलो होतो.

अर्शिया त्या पेटीशेजारी बसून वाढली. धुळ्याला डॉक्टर झाली, सुरतेच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात इमर्जन्सीचं शिकली आणि तिथेच लागली. महिना एक लाख साठ हजार, वर केसमागे हिस्सा. कॅज्युअल्टीत जितके पेशंट येतील, त्यातले जितके वर आयसीयूत जातील, तितके हिशेबात जमा. शब्बीरभाई स्टँडवर ज्याला-त्याला तो पगार सांगायचा. मीच दहादा ऐकला असेल.

मग एका सकाळी ती सुरत सोडून आली. शब्बीरभाईने मला बोलावून घेतलं, तिला समजव म्हणाला. मी समजवायला गेलो आणि ऐकून परत आलो.

तिच्या ड्यूटीवर एक जीप आली होती. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली बाई, गजराबाई. पहाटे सरपण काढताना साप चावला. खाली आणली तर त्या दिवशी ती लोखंडी खुर्ची रिकामी. म्हणून जीप सुरतेला, चार तास. दारात पोचली तेव्हा बाई संपलेली होती. अर्शियाने नाडी बघायला हात धरला. हातभर हिरव्या बांगड्या, आणि त्यात एक पिवळी.

"अब्बानी भरेल व्हतीत त्या, काका," ती म्हणाली. "हाटमा."

पण तिने नोकरी त्या दिवशी सोडली नाही. सोडली पगाराच्या दिवशी. पगारपत्रकाला केसची यादी जोडलेली असे. त्यात गजराबाईचं नाव होतं, तपासणी फी होती आणि पुढे डॉक्टरचा हिस्सा, दोनशे दहा रुपये. एकतीस वर्षं पगारपत्रकंच काढतोय मी, पण असं पगारपत्रक ऐकलं नव्हतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू!

"अब्बाले सांगू नका," एवढंच ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

त्याच महिन्यात आमच्या कार्यालयाची जाहिरात निघाली. अक्कलकुव्याला इमर्जन्सीचा तज्ज्ञ डॉक्टर हवा. चार वेळा जाहिरात देऊन कोणी फिरकलं नव्हतं, म्हणून या खेपेला नवी अट आली. मानधन उमेदवारानेच सांगायचं, बंद पाकिटात. सरकारची वरची मर्यादा गुप्त. गुप्त म्हणजे साहेबांना ठाऊक आणि मला ठाऊक, दोन लाख.

बापलेक फॉर्म घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"तीन लाख लिखी टाक," शब्बीरभाई तिला म्हणाला. "त्या दोनवर आनतीन. पहिला भाव आपला ऱ्हास, शेवटला गिऱ्हाईकना."

"शब्बीरभाई, हाऊ हाट नही शे," मी म्हणालो. "पाकीट एकच डाव फुटस. तठे खाले येवाले जागा नही."

"तू सांग ना मंग, कितला लिखू?" शब्बीरभाईने विचारलं.

मी चहात बघत बसलो. दोन लाख हा आकडा माझ्या जिभेच्या टोकावर होता. तीन लिहिले तर पोरगी बाद होणार हेही मला दिसत होतं. पण एकोणतीस वर्षांत फाइलीतलं मी घरी कधी बोललो नाही आणि आता या वयात बाटायचं नव्हतं. अर्शियाने माझ्याकडे एकदा पाहिलं. भिंतीकडे तोंड करून आकडा लिहिला आणि पाकीट चिकटवलं. शब्बीरभाईला वाटलं, तीनच लिहिले.

पाकिटं तीन आली. पुण्याच्या डॉक्टरचे साडेतीन लाख, नाशिकच्याचे पावणेतीन, दोन्ही बाद. तिसरं माझ्याच हाताने फोडलं. एक लाख चाळीस हजार. सुरतेचा ठरलेला पगार एक साठ, तिथल्या खोलीला आणि खानावळीला वीस जायचे, ते वजा. मणियाराच्या पोरीने पहिल्याच पाकिटात शेवटचा भाव लिहिला होता. मला आनंद झाला आणि रागही आला. साठ हजार सोडले की पोरीने!

मला वाटलं, संपलं, आता सही. पण स्वस्त मालावर माणूस खूश होत नाही, आधी तो उलटापालटा करून बघतो. मोठ्या साहेबांनी तिला मुलाखतीला बोलावलं. त्या दिवशी शब्बीरभाई हाटात होता, ती एकटीच आली.

"सुरतेहून कमी पगारात कोणी येतं का?" साहेब म्हणाले. "शहाद्यात स्वतःचा दवाखाना टाकायचा बेत असेल."

"नाही, साहेब. राहणार अक्कलकुव्यातच. लिहून देते."

"मग तिथे खर्च तो काय? घर जवळ. एक वीस करा."

मी मान वर करून बघितलं. मर्यादा दोन लाखांची, मागणी एक चाळीसची, आणि साहेब वीस हजार कमी करा म्हणतात! त्यांच्या खिशातून थोडेच जाणार होते. पण आपल्याकडे भाव ऐकला की माणूस 'कमी करा' म्हणतोच, मग तो भाजी घेत असो की डॉक्टर.

"साहेब, हा शेवटचा भाव आहे," अर्शिया म्हणाली. तिने फाइल मिटली, नाडी बांधली, वर तळहात ठेवला. अगदी शब्बीरभाई पेटीचं झाकण लावतो तसा. "येते," म्हणाली आणि निघाली.

मी पावलं मोजू लागलो. दारापर्यंत चार. साहेब खुर्चीला टेकून बसले होते, येईल परत म्हणून. बाहेर व्हरांड्यात पाच, सहा, सात. कोणी हाक मारेना. आठ, नऊ, दहा. मग चप्पल वाजायची थांबली. मला वाटलं, जिना उतरून गेली. सुरतेची गाडी दुपारी असते, हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं. आणि तो वरचा पाडा आला, आणि रिकामी खुर्ची आली.

साहेबांपुढे न विचारता मी कधी बोललो नाही. त्या दिवशी उठून बोललो.

"साहेब, चौथं पाकीट नाही. ही गेली तर पुढची जाहिरात वर्षाने. तोवर बिल मी शून्याचं काढीन. शून्याहून स्वस्त डॉक्टर मिळत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो रतिलाल, मी सवयीनं म्हटलं. बोलवा तिला."

मी बाहेर धावलो. जिना गाठावा लागला नाही. ती तिथेच उभी होती, पाण्याच्या टाकीशी, फाइल छातीशी धरून. डोळे पाण्याने भरलेले.

"दहा झायात ना?" मी विचारलं.

"झायात. अकरावं उचलायना नही, काका." तिने ओढणीने तोंड पुसलं. "मी आते मांगे फिरणारच व्हती. साहेबनी नव्वद सांगतात तरी हो म्हनती."

मी म्हणालो, "चल, साहेबनी बलायं."

"अब्बाले सांगू नका."

फाइलीवर टिपणी मीच लिहिली: उमेदवार आपल्या मागणीवर ठाम राहिल्या, मानधन मान्य.

दोन वर्षं झाली त्याला. दर महिन्याला तिचं बिल मी काढतो, एक लाख चाळीस हजार, एकच ओळ. त्याला यादी जोडायची नसते. माणूस वाचला तरी तेवढेच, गेला तरी तेवढेच. कोणी पोटात गॅस झाला म्हणून आला आणि तिने दोन गोळ्या देऊन घरी पाठवला तरी तेवढेच. खुर्चीवर ती नसते तेव्हा आयुर्वेदाचा चाळीस हजारांचा पोरगा बसतो, त्याला ती शिकवते. त्याचे वाढवा म्हणून मला तिचे तीन अर्ज आलेत. पाठवलेत वर, बघू.

शब्बीरभाई अजून हाटात बसतो, हिरव्यात पिवळी घालतो. आणि ज्याला-त्याला सांगतो, "मन्ही पोरनी दहा पावलं टाकात, मोठा साहेबनी हाक मारी. पोर मांगे वळीबी नही! इचारा रतिलालले."

लोक माझ्याकडे बघतात. मी सांगतो, "नही वळनी."