घटसर्प, सरकारी पलंग आणि आमचं भांडण

मंडळी, आज दुपारी जेवताना आमच्या कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकच्या घरात जोरदार वाजलं.

भाचा निखिल म्हणाला, "मामा, सरकारी हॉस्पिटलं बंदच करायला हवीत. आपला टॅक्स नुसता पाण्यात जातो."

मी चिडलोच. त्याची आई सुधा माझी धाकटी बहीण. सत्तरच्या दशकात, सात वर्षांची असताना तिला घटसर्प झाला होता. बाबांची बदली तेव्हा कलकत्त्याजवळच्या बराकपूरला होती. श्वास घेताना तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायचा. खाजगी नर्सिंग होमने संसर्गाची केस म्हणून दारातूनच परत पाठवलं. बाबांनी तिला टॅक्सीत घालून कलकत्त्याच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. पलंगाखाली मांजरं फिरत होती, पण डॉक्टरांनी लगेच सीरमचं इंजेक्शन दिलं आणि ती वाचली.

"तू आज इथे बसलायस तो त्या हॉस्पिटलामुळे!" हे सगळं ऐकवून मी ओरडलो.

मग सुधा हळूच म्हणाली, "दादा, शेजारच्या पलंगावरच्या मुलीचं नाही सांगितलंस. तिला लावायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा येईपर्यंत ती गेली. तिची आई 'मा गो, मा गो' असा टाहो फोडत फरशीवर बसली होती. मला अजून ऐकू येतं ते."



सरकारी हॉस्पिटल असायलाच हवं, हे मी आजही म्हणेन. पण त्या आईसमोर मला ते म्हणता आलं असतं का? तुम्हाला आलं असतं?