काका, ये ना!

पामर्स्टन नॉर्थहून सहा तास गाडी हाकत मी बॉटनी डाउन्सला भावाकडे गेलो, ते खरं तर एका हाकेसाठी. थोरल्या भावाची लेक चार वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मागच्या खेपेला दोन दिवस घसा कोरडा करून मी तिला 'काका' म्हणायला शिकवलं होतं.

दारात बूट काढतोय तोच मागच्या अंगणातून आवाज आला, "काका! काका, ये ना!" अहाहा! अख्खं वाक्य! एक बूट पायात, एक दारात, चकल्यांचा डबा काखेत, असा मी धावत सुटलो.

पोरगी माझ्याकडे पाठ करून उभी. मान वर, कुंपणापलीकडच्या पुरीरीच्या झाडाकडे.

"भावजी, ती त्या पोपटाला बोलावतेय," वहिनी हसू दाबत म्हणाली. "इथं त्याचं नावच काका आहे. माओरी शब्द."

हे बरंय! शिकवणी माझी, आणि हाक या फुकट्याला. दिसायला तरी काय? कावळ्याहून थोराड, मातकट. मी नाक मुरडतोय तेवढ्यात त्यानं पंख पसरले. आतून लालभडक, शेंदरी. मेल्याला रूपही होतं! जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू.

तो फांदीची साल सोलून अळ्या खात होता, ढलप्या आमच्या डोक्यावर टाकत होता. मग फुलांतला मध चाटायला लागला. भाऊ सांगत होता, यांची घरटी समोरच्या बेटांवर, जुन्या जंगलातल्या झाडांच्या ढोलीत. हिवाळ्यात खाण्यासाठी समुद्र ओलांडून इकडे येतात. मला इथं नोकरी लागली तेव्हासुद्धा भावाच्या तोंडावर एवढं कौतुक नव्हतं.

मी डबा उघडून पुतणीला चकली दिली.

"थँक्यू, अंकल."

अंकल! माझं डोकंच फिरलं. "अगं, तुझा काका मी आहे. तो नुसता पक्षी!"

तिनं चकलीचा तुकडा मोडला, चावत चावत जरा विचार केला.

"बट ही कम्स एव्हरी डे," ती म्हणाली, आणि उरलेली चकली माझ्या हातात ठेवून पुन्हा वर बघायला लागली.