मेरीचं बाळंतपण

मी अमेरिकेला निघाले तेव्हा टॅक्सी खडकीच्या क्वार्टर्ससमोर उभी होती आणि आई सारखी घड्याळ बघत होती. माझं विमान चुकेल म्हणून नव्हे हो, संध्याकाळी माझ्या जुन्या शाळेत नाताळचं नाटक होतं म्हणून! शेजारच्या काकू रडल्या, बाबा मुंबईपर्यंत सोडायला टॅक्सीत बसले, आणि आई म्हणाली, "पोचलीस की फोन कर. मला निघायला हवं, मेरीचे कान कोण बांधणार?" लोणावळ्यापर्यंत मी नुसती धुमसत होते.

आम्ही मूळचे अमरावतीचे. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात आणि मी कॉन्व्हेंटमध्ये. पाचवीत मी मेरी झाले. पटांगणात स्टेज, गवताचा गोठा, बाळ म्हणून बाहुली, डिसेंबरची थंडी आणि माझ्या डोक्यावर पातळ निळी ओढणी. आई प्रेक्षकांतून उठून थेट स्टेजवर! "अहो सिस्टर, आत्ता बाळंत झालेली लेक, अन् कान उघडे?" स्वतःचा स्कार्फ तिनं माझ्या कानांवरून करकचून बांधला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर मात्र हसून हसून बेजार, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच आईला बोलावणं धाडलं.

मग ते लागलंच तिला. मी शाळा सोडली, इंजिनिअर झाले, हिंजवडीत कामाला लागले, लग्न झालं, तरी तिचं नाटक काही सुटलं नाही. जी कुणी मेरी असेल तिचे कान बांधायचे, हातावर डिंकाचा लाडू ठेवायचा. येशूचं तिला काही नव्हतं, तो देवच. काळजी सगळी त्या पोरीची.

माझ्यासारख्या ज्या इकडे आल्या त्यांना वेगळं सांगायला नको, मला दिवस गेल्याचं कळताच आईची बॅग भरायला सुरुवात झाली. बाळंतशेपा, खारीक, शेक द्यायची शेगडीसुद्धा! शेगडी विमानात नेत नाहीत, हे बाबांनी किती समजावलं. मला आठवा लागला आणि आईला अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

न्यू जर्सीच्या हॉस्पिटलात लेक झाली. नर्स फार गोड. तिनं कौतुकानं माझ्या हातात बर्फाचं पाणी दिलं. एसी चालू, अंगावर गाऊन. बाबांनी तिकडे आईच्या कानाला फोन लावला. जीभ जड झालेली, तरी तिनं एकेक शब्द ओढून काढला, "कान... बांधले?"

"हो आई, घट्ट," मी म्हटलं, आणि ग्लास बाजूला ठेवून ढसाढसा रडले. उभ्या शाळेच्या मेऱ्यांचं बाळंतपण केलं बाईनं, फक्त माझं राहिलं.

बाळाचा पासपोर्ट हातात यायच्या आत आई गेली.

आता क्वार्टर्स नाहीत. बाबा रिटायर झाले, बिबवेवाडीला दादाकडे राहतात. गेल्या महिन्यात लेकीला घेऊन गेले तर बाबा तिला म्हणाले, "ये, आजोळी आलीस." वहिनी खरंच चांगली आहे, आपलंच घर समजा म्हणते. पण सकाळी लवकर जाग आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "वहिनी, चहा टाकला तर चालेल ना?"

बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले.